बारावं पेव

माझी अंगणवाडी दहा बाय बाराच्या खोलीत भरते. त्यातली निम्मी जागा पोषण आहाराच्या पोत्यांनी, वजनकाट्यानं, दोन लोखंडी कपाटांनी आणि कुणा पुढाऱ्यानं वाढदिवसाला भेट दिलेल्या खुर्च्यांनी खाल्लेली. उरलेल्या जागेत तीन ते सहा वयाची सव्वीस पोरं. एकानं पाय पसरला की दुसऱ्याच्या पोटात लागतो आणि रडायला तिसराच लागतो. अशा खोलीत मी सत्तावीस वर्षं काढली आणि या काळात तीन वेळा आदर्श सेविका झाले. बक्षिसाच्या तिन्ही ढाली त्याच कपाटावर ठेवल्या आहेत, म्हणजे तेवढी जागा आणखी गेली.

चार वर्षांपूर्वी सांगलीत तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर चित्रं दाखवत एक मॅडम सांगत होत्या की या वयाच्या मुलाला रोज दीड-दोन तास उघड्यावर खेळायला मिळालंच पाहिजे. पळणं, चढणं, घसरणं, माती-पाण्यात हात घालणं, यातूनच त्याचा तोल सुधारतो, जीभ सुटते, भीती जाते. मला सगळं पटलं. मी हात वर करून विचारलं, मैदान कुठून आणू? मॅडम म्हणाल्या, स्थानिक पातळीवर प्रयत्न करा. सरकारी कागदात स्थानिक पातळी असा शब्द आला की ती मीच असते, हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं आहे. मी दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीला पहिला अर्ज दिला.

आमचं गाव सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. गावाला लागून, माझ्या खोलीच्या समोरच, पाऊण एकराचं एक रान रिकामं पडलं होतं, पेवांचं रान. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं हळदीचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत वीस-पंचवीस फूट खोल आणि घागरीसारखं पोट. हळकुंडं भरून, वर पालापाचोळा आणि चटया घालून तोंड मातीनं बंद केलं की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही, कारण आत हवाच उरत नसे. म्हणूनच पेव उघडलं की सबंध दिवस तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील सोडून बघायचा आणि कंदील विझला नाही तरच माणसानं उतरायचं. दोन हजार एकोणीसच्या पुरात आमची उरलीसुरली पेवं भिजली, ढासळली, आणि तो धंदा आमच्या गावातून उठला.

माझे सासरे गुंडा मामा त्या पेवांवरचे शेवटचे जाणते. सासऱ्याला आम्ही मामा म्हणतो. वय पंच्याहत्तर, अजून ताठ, बोलणं मोजकं आणि तेही निम्मं स्वतःशी. बाविसाव्या वर्षापासून ते पेवं भरायचे आणि उपसायचे. माझे मालक तानाजी साताऱ्याला एमआयडीसीत सिक्युरिटीला असतात, महिन्यातून दोनदा येतात, त्यामुळं घरात मी आणि मामा दोघंच. आमचं बरं चालायचं. मी बोलायची, ते ऐकायचे, आणि शेवटी त्यांना करायचं तेच करायचे.

तीन वर्षांत मी नऊ अर्ज केले. शेवटी सरपंच विश्वजीतनं कंटाळून होकार दिला. म्हणाला, बाग करू, घसरगुंडी, झोके, वाळूचा हौद, सगळं करू, पण आधी ती पेवं बुजवली पाहिजेत आणि ती नेमकी कुठं आहेत हे कागदावर कुठंच नाही. कागदावर नसलं तरी मामांच्या डोक्यात होतं. मीच त्यांना घेऊन गेले. चार दिवस ते उन्हात काठी आपटत फिरले. काठीच्या आवाजावरून त्यांना जमिनीचं पोट कळायचं. जिथं ते थांबायचे तिथं मी फक्कीची खूण करायची, मग जेसीबी यायचा, तोंड मोकळं करायचा, आत मुरूम ओतून पाणी मारून धुमस करायचे. अशी अकरा पेवं बुजली. माझी छाती अभिमानानं फुगली होती, ते मी लपवत नाही.

रानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मामांनी काठी आपटली नाही. तिथं जमीन चांगली काळी आहे, इथं खेळणं नको, एक झाड लावा, म्हणाले. मला ते फार आवडलं. म्हातारपणी माणसाला झाडाची ओढ लागते, असं काहीतरी मी संयोगिताला, माझ्या मदतनिसाला, सांगितल्याचंही आठवतं. पंधरा ऑगस्टला बागेचं उद्घाटन झालं आणि त्या कोपऱ्यात जांभळीचं रोप लावलं. मामांनी स्वतः बाभळीच्या काट्या आणून रोपाभोवती दाट कुंपण घातलं.

आता उत्कर्षाचं सांगते. शेजारच्या भामाबाईंची नात. भामाबाई ऐन तिशीच्या आत विधवा झालेल्या. नवरा दादासो मामांच्या जोडीला पेवावर होता आणि चाळीस वर्षांपूर्वी नदीत बुडाला, असं सगळं गाव सांगायचं. त्यांनी एकटीनं मुलगा वाढवला, इंद्रजित. तो टेम्पो चालवतो. त्याची बायको रेश्मा टापटिपीची, पोरीला मातीचा कण लागू देत नसे. बागेत पहिल्यांदा आली तेव्हा उत्कर्षा साडेतीन वर्षांची होती आणि तिला गवतावर पाय ठेवता येत नव्हता. उचलून गवतात ठेवली की पाय आखडून घ्यायची आणि किंचाळायची. घरात ती आणि मोबाईल. शब्द म्हणाल तर आठ-दहा, बाकी सगळं बोट दाखवून.

रेश्माशी मी भांडले, हाच शब्द बरोबर आहे. ती म्हणायची, बाई, तिला सर्दी होते, तिथं घाण असते. मी म्हणायची, पोरगी चार वर्षांची व्हायला आली आणि तिला पळता येत नाही, याच्याएवढी घाण दुसरी नाही. फार लागलं तिला ते. पण दुसऱ्या दिवसापासून भामाबाई नातीला घेऊन येऊ लागल्या. सकाळी दहाला यायच्या, बाकावर बसायच्या आणि साडेअकराला घेऊन जायच्या.

महिनाभर ती वाळूच्या हौदाच्या कडेला नुसती उभी राहिली. मग एक दिवस बसली. मग बूट काढले. दिवाळीनंतर घसरगुंडीवर उलटी चढायला लागली आणि मी ओरडले तर हसली. तिच्या वजन-उंचीच्या रकान्यांखाली मी दर आठवड्याला काहीबाही लिहून ठेवत असे: झोक्यावर स्वतः बसली, शंभूराजला ढकललं, पडली पण रडली नाही. पर्यवेक्षिका वाचून म्हणाल्या, असं कुणी लिहीत नाही हो. मी म्हटलं, मग लिहायला लावा. मला खरंच वाटत होतं की आयुष्यात एक काम मनासारखं झालं.

जांभळीच्या काट्या मीच काढल्या. दोन पोरांना ओरखडे आले होते, आणि झाडाला पाणी घालणं हा पोरांसाठी उत्तम खेळ, असं प्रशिक्षणाच्या पुस्तकातही होतं. प्रत्येकाला एक प्लास्टिकचा मग. टाकीपासून झाडापर्यंत मग सांडू न देता न्यायचा, यात तोल येतो, पाळी धरायला कळतं. पोरांना भलतंच वेड लागलं, कारण त्या आळ्यात कितीही पाणी ओतलं तरी साचत नसे. गुडूप व्हायचं. पाणी कुठं जातं, असं पोरं विचारायची आणि मी सांगायची, झाड पितं. पोरांचे तीन गट, रोज एका गटाची पाळी, एकेकाचे पाच-सहा मग, असं चार महिने. एवढं पाणी त्या बोटभर रोपाला कशाला लागेल, हे पहिलीतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही. मी वहीत लिहिलं, मुलांमध्ये कुतूहल वाढत आहे.

डिसेंबरात एकदा मामा फाटकाशी आले होते. आत आले नाहीत. झाडाभोवती पोरांचा घोळका बघून म्हणाले, पाणी लय घालू नका, मूळ कुजतंय. संध्याकाळी घरीही तेच. काट्या का काढल्या म्हणून विचारलं. मी भाकरी थापत होते. म्हटलं, मामा, तुमी पेवातलं बगा, पोरातलं मला कळतं. ते जेवून उठले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. पाणी घालायची पाळी दुसऱ्या गटाची होती, उत्कर्षाची नव्हती. ती मग घेऊन माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आज मीच घालणार पाणी, काल शंभूनं घातलं."

एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती. काल, आज, मी, शंभू, सगळं जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की मी पाळी मोडली. जा, घाल, म्हटलं. आणि वहीत लिहायला पेन शोधू लागले.

आवाज असा झालाच नाही. जांभळीचा शेंडा कलंडलेला दिसला, मग तो खाली गेला. मी धावले तेव्हा तिथं झाड नव्हतं आणि उत्कर्षा नव्हती. हातभर रुंदीचं एक भोक होतं आणि त्याच्या कडेची माती अजून आत घसरत होती. खालून, बरंच खालून, तिचा रडण्याचा आवाज येत होता. ती बाई म्हणून मलाच हाक मारत होती.

संयोगितानं बाकीच्या पोरांना फाटकाबाहेर काढलं. मी पोटावर पडून भोकात तोंड घालून बोलत राहिले, मी हाय इथं, बाळा, हलू नको, मी हाय. आतून एक कुजका, उबट वास येत होता आणि दोन मिनिटांत माझंच डोकं गरगरायला लागलं. कुणीतरी मला पाय धरून मागं ओढलं. तोवर गावातली माणसं गोळा झाली होती. भामाबाई बाकापाशी उभ्याच होत्या. कुणीतरी सांगलीच्या अग्निशमनला फोन लावला. तिथून गाडी यायला अर्धा तास तरी लागणार होता.

मामा अनवाणी धावत आले. त्यांनी भोकाकडं एकदा बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "कुणी उतरायचं न्हाई. आदी दिवा सोडा."

कंदील आता कुणाकडं असतो? देवळातली समई आणली, बादलीत ठेवली आणि दोरीनं खाली सोडली. दोन पुरुष खोलीवर ती विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली. उत्कर्षाचं रडणं आता तुटक झालं होतं. तेवढ्यात इंद्रजित टेम्पो रस्त्यातच सोडून आला. मागून रेश्मा. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. दोरीचं टोक कमरेला गुंडाळलं आणि भोकात पाय सोडले.

पंच्याहत्तर वर्षांच्या माणसात एवढं बळ असतं हे मी तेव्हा बघितलं. मामांनी त्याला मागून मिठी मारून वर खेचलं आणि त्याच्या अंगावर पडून राहिले. इंद्रजितनं त्यांना कोपरानं मारलं, शिव्या दिल्या. मामांच्या नाकातून रक्त आलं. पण त्यांनी मिठी सोडली नाही.

"सोडा मला, माझी पोरगी हाय ती."

"तू गेलास तर तूबी मरशील. मी बगितलंय."

"काय बगितलंय?"

"तुजा बा हितंच मेला," मामा म्हणाले. "ह्याच पेवात. नदीत न्हाई. दिवा न सोडता उतरला आन् मरून पडला. मी बगितलंय डोळ्यांनी."

सगळं रान गप्प झालं. त्या शांततेत आम्हाला ऐकू आलं की खालून आता काहीच आवाज येत नाही.

पंक्चरवाल्या जयराजनं कॉम्प्रेसर आणला. टेम्पोला जोडून ओढत आणेपर्यंत दहा मिनिटं गेली. नळी खाली सोडून हवा मारायला सुरुवात केली. मामा समई सोडत होते, ओढत होते, पुन्हा सोडत होते. रेश्मा त्यांच्या हाताकडं बघत होती. समई तळाला पोचूनही जळत राहिली तेव्हा त्यांनी इंद्रजितला जा म्हटलं. तो उतरला आणि पोरीला छातीशी धरून वर आला. तिच्या अंगावर एक खरचटल्याची खूण सोडली तर काहीच नव्हतं. केसांत मुळांची माती होती. अग्निशमनची गाडी तेव्हा कुठं फाटकाशी पोचली. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, संपलंय.

पोरगी पडल्यापासून तिला वर काढेपर्यंत बत्तीस मिनिटं लागली होती. बाप लगेच उतरला असता तर ती वाचली असती की दोघं गेले असते, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला आजही वाटतं की त्यांनी काहीतरी एक सांगायला हवं होतं.

मामांनी सगळं मला घरी सांगितलं, दुसऱ्या दिवशी, न विचारता. चाळीस वर्षांपूर्वी हंगामाच्या तोंडाला ते पेव उघडलं. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. दादासो म्हणाला, दिवा कशाला, कालच उघडलंय. उतरला आणि आडवा झाला. त्यांनी गळ टाकून त्याला वर काढला. तेव्हा आमच्या गल्लीची चाळीस घरं पेवांवर जगत होती. पेवानं माणूस खाल्ला हे पेठेत कळलं असतं तर व्यापाऱ्यांनी आमच्या रानात हळद ठेवली नसती, हरिपूरला नेली असती. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा माणसांनी ठरवलं, दादासो नदीत बुडाला. प्रेत ओलं करून घाटावर ठेवलं. पेवाच्या तोंडात जुन्या चटया कोंबल्या, वर फरशी, वर माती. आत कोण उतरणार आणि कोण भरणार? पोट तसंच पोकळ राहिलं. देवळात शपथा झाल्या की त्या पेवाचं नाव कुणी काढायचं नाही. भामाबाईंच्या मांडीवर तेव्हा इंद्रजित होता. त्यांनीही शपथ घेतली.

मी म्हटलं, चाळीस घरांचं पोट भरायचं होतं, तेवढं मला कळतं. पण हळद उठून गेली, व्यापारी गेले, शपथ घेणारे निम्मे मेले. काठी आपटायला काय झालं होतं?

"बारावं दाखवलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, हे फरशी घालून का बुजवलं," मामा म्हणाले. "भामीनं चाळीस वर्सं घाटावर त्येच्या श्राद्धाची पानं सोडली. मला वाटलं, झाड लावलं की कोण जातंय तिथं."

मी त्या दिवशी त्यांच्यापुढं ताट आदळलं. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता, कारण त्यांनी कुंपण घातलं होतं आणि ते मी काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी बागेत पंचनामा झाला. नायब तहसीलदार खुर्चीवर, बाजूला सरपंच विश्वजीत, ग्रामसेवक, आणि सगळं गाव. साठीच्या पुढच्या एकेकाला विचारलं, इथं पेव असल्याचं माहीत होतं का? एकेक म्हातारा मान हलवत गेला. न्हाई साहेब, ठावं न्हाई. त्यातले दोघं त्या शपथेत होते, हे मामांनी मला नावानिशी सांगितलं होतं. विश्वजीत हळूच म्हणाला, जमीन अचानक खचली एवढं लिहिलं की पुरे, कुणाचं नाव कशाला. आदल्या दिवशी साताऱ्याहून तानाजीचाही फोन आला होता, की काय लिहायचं ते लिही, फक्त बापाचं नाव घालू नको.

भामाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या स्वतः उठून खुर्चीपुढं गेल्या. म्हणाल्या, "साहेब, माजा मालक ह्या पेवात मेला. मी खोटं बोलले चाळीस वर्सं. नेमकं कंचं पेव ते मला ठावं नव्हतं, बायका कवा रानात येत नव्हत्या. बाग झाली तवा मी गुंडाभावजीला इचारलं, समदी बुजवली न्हवं? त्यो व्हय म्हणला."

रेश्मा मागं बायकांत बसली होती. गेले तीन दिवस ती रडलीही नव्हती. ती उभी राहिली आणि सासूकडं बघून बोलली. आवाज चढवला नाही.

"आत्ती, मला तर कुणी काय सांगितलंच न्हवतं. मी तिला घरात ठेवली हुती. मला मातीची भीती वाटत हुती म्हणून बाईंनी मला येडी ठरवली. आन् तुमाला ठावं हुतं की ह्या मातीत माणूस मेलाय, तरी तुमी एकदा फकस्त इचारून रोज तिला हात धरून हितं आणत हुता?"

भामाबाई खाली बसल्या. माझा जबाब मी स्वतःच्या हातानं लिहून दिला. बारावं पेव माझ्या सासऱ्यांना माहीत होतं. काट्यांचं कुंपण मी काढलं. चार महिने रोज पाणी मी ओतायला लावलं आणि पाणी गुडूप होतंय हे मला दिसत होतं. त्या दिवशी पाळी नसताना मीच तिला पाठवलं. तानाजी त्यानंतर माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. मामांनी सगळं कबूल करून आपल्या जबाबाखाली सही केली.

वरून लेखी आदेश आला की पुढील सूचना मिळेपर्यंत मुलांना खोलीबाहेर नेऊ नये. अशा वेळी मात्र आदेश चार दिवसांत येतो. निम्म्याहून जास्त आयांनी पोरं पाठवणंच बंद केलं. मी घरोघर फिरले. पोरं दाराआड मोबाईल घेऊन बसलेली. शंभूराजच्या आईनं मला पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं, बाई, राग मानू नका, पण जिवंत तर हाय.

एप्रिलमध्ये ते बारावंही मुरमानं भरून घेतलं. विश्वजीत म्हणाला, आता रान सुरक्षित आहे की नाही हे सांगणार कोण? सांगू शकेल असा माणूस गावात एकच होता. एके सकाळी मी पोरांना खिचडी वाढून बाहेर आले तर मामा बागेच्या फाटकात उभे. म्हणाले, फाटकाची किल्ली दे. मी दिली आणि त्यांना सरळ विचारलं.

"आणखी हाय का एखादं?"

"न्हाई."

"खरं?"

"तुज्या अंगणवाडीतल्या पोरांची आन, न्हाई."

पंचनाम्यानंतर आम्ही एका घरात राहत होतो, मी त्यांना दोन वेळा जेवायला वाढत होते, पण त्यांचा एकही शब्द मी खरा धरत नव्हते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना ते कळलं. ते आत गेले, धोतर खोचलं आणि बागेच्या एका कोपऱ्यापासून पाय आपटत चालायला लागले. दोन पावलं टाकायचे आणि दोन्ही पायांनी उडी मारायचे. पुन्हा दोन पावलं, पुन्हा उडी. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, सबंध पाऊण एकर, वितीवितीनं. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक पोरगं हसलं तर त्याच्या आईनं त्याला आत ओढलं. रेश्मा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिनं एकदा खाली बघितलं आणि कपडे घालत राहिली. मला वाटत होतं, जावं आणि त्यांचा हात धरून बाहेर आणावं. मी गेले नाही. त्यांनी उडी मारली की दर वेळी मी श्वास रोखत होते, आणि जमीन खचू नये म्हणून रोखत होते की खचावी म्हणून, हे मला त्या क्षणी धड सांगता आलं नसतं.

बाराच्या सुमाराला ते फाटकाशी आले. घामानं निथळत होते. म्हणाले, "बगितलंस? कुटं खचलं न्हाई. सोड आता पोरं."

जमीन भक्कम होती. मलाही ते दिसत होतं. घसरगुंडी होती, झोके होते, वाळूचा हौद होता, आणि पोरांना याच्याएवढी गरजेची दुसरी गोष्ट नाही हे मला आजही पक्कं माहीत आहे. पण त्यांच्या शब्दावर एक पोर आत सोडायला माझा हात उठेना. मी त्यांना बाहेर यायला सांगितलं, फाटक ओढलं आणि कुलूप घातलं. मग खोलीत गेले. नऊ पोरं आली होती. उघड्या दारातून ती एकमेकांच्या अंगावर चढून बाहेर बघत होती. मी दार लावलं, त्यांना भिंतीला टेकून ओळीत बसवलं आणि म्हटलं, हाताची घडी, तोंडावर बोट.